मेणातला सेट

रोज सकाळी चूळ भरायच्याही आधी आत्या खिडकीतला साचा उचलायची आणि गालाला लावून बघायची. पांढऱ्या प्लास्टरचा तो साचा म्हणजे कुणाच्या तरी बोळक्या तोंडाची हुबेहूब नक्कल असे. हिरड्यांचे उंचवटे, टाळूवरच्या वळ्या, सगळं त्यात उतरलेलं. गालाला गार लागला तर आत अजून ओल आहे, परत खिडकीत. गार लागला नाही तर ती स्वतःशीच म्हणायची, "झाला सेट." मगच तिचा दिवस सुरू व्हायचा. गालावर उरलेली पांढरी पूड पुसायचं तिच्या कधी लक्षात राहिलं नाही, त्यामुळे गल्लीने तिला जन्मभर एकाच गालाला पावडर लावणारी बाई म्हणून ओळखलं.

ती कवळ्या करायची. डॉक्टर लोक रुग्णाच्या तोंडाचं माप घेऊन तिच्याकडे पाठवायचे आणि ती घराच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलाशी बसून त्यांना दात लावून द्यायची. घर भावाचं. त्या घरात तिचं लग्न जमलं नाही की कुणी जमवलं नाही, हे विचारायची सोय नव्हती. हातात कसब असलेलं माणूस घरातून सहजासहजी कोण बाहेर जाऊ देतं? पण त्या खोलीत ती सुखात होती, हे मात्र खरं. खिडकी, टेबल, स्पिरिटचा दिवा, पॉलिशची छोटी मोटर, रंगांप्रमाणे लावून ठेवलेल्या दातांच्या पट्ट्या आणि एक जुना प्रेशर कुकर. कवळी त्या कुकरात उकळून पक्की करतात.

"आमच्याकडे दोन कुकर आहेत," वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. "एकात जेवण शिजतं, एकात जबडे."

लोक हसायचे. आत्याही हसायची. वहिनीचं बोलणं तसं चुरचुरीतच होतं, फक्त ते नेहमी एकाच माणसाच्या अंगावर पडायचं. पाहुणे असले की "आमच्या वन्सं", पाहुणे गेले की "अगं ए". दुसऱ्यांच्या थुंकीत हात घालणारी म्हणून आत्याचा चहाचा कप वेगळा. काचेच्या कपाटात सोनेरी कडांचा जो सेट होता, त्यातल्याच एका कपाचा कान तुटला होता. तो आत्याला मिळाला. "सेट तर मोडलाच आहे, मग तूच वापर," असं वहिनी म्हणाली होती, आणि आत्याला लागेल असं काही आपण बोललो हे तिच्या गावीही नव्हतं. किंवा असेलही.

घरात हा शब्द सारखा कानावर पडायचा. भाऊ टीव्हीला सेट म्हणायचा आणि संध्याकाळी त्याच्या डोक्यावर थाप मारून चित्र सरळ करायचा. वहिनी कुठे जायचं असलं की केस सेट करून यायची आणि दोन दिवस उशीला डोकं टेकवायची नाही. शेजारणीची मुलगी सेट झाली म्हणजे तिला बरं सासर मिळालं. आत्याकडे तर वरचा सेट, खालचा सेट, प्लास्टर सेट होणं, मेणात दात सेट करणं, दिवसभर तेच.

ही गंमत पहिल्यांदा भाच्याच्या लक्षात आली. तो तेव्हा शाळेत होता आणि आईचा ओरडा चुकवायला आत्याच्या टेबलाच्या कोपऱ्यावर अभ्यासाला बसायचा. एकदा त्याने जाडजूड डिक्शनरी आणली आणि बोटाने ओळी दाखवत वाचायला लागला.

"आत्या, बघ. सूर्य मावळतो तोही सेट. मोडलेलं हाड बसवलं, सेट. जेवणाचं टेबल मांडलं, सेट. सापळा लावला, सेट. आग लावली, सेट. अगं, पुढच्या पानावरही हेच चाललंय!"

"आणखी?"

"कैद्याला सोडलं तरी सेट. आणि एखादी वस्तू बाजूला काढून ठेवली तरी सेट."

आत्या मेणात दात बसवत होती. मान वर न करता म्हणाली, "एवढी सगळी कामं एकट्याच्या अंगावर? माझ्यासारखंच दिसतंय बिचाऱ्याचं."

भाचा खो खो हसला. मग तो त्यांचा खेळच झाला. तो रोज एक नवा अर्थ शोधून आणायचा आणि ती त्याला गुलाबी मेणाचा गोळा द्यायची. त्या गोळ्यांचे त्याने उंट केले, बस केल्या, एकदा आईचं नाक केलं आणि त्यासाठी मारही खाल्ला. तो आत्याच्या मागे लपला होता. अर्धा मार तिच्या दंडावर बसला.

तोच भाचा पुढे मोठा झाला, नोकरीला लागला, आणि सगळे म्हणाले, पोरगा सेट झाला. भाऊ तोवर गेला होता. भावाने आयुष्यभर बायको आणि बहीण यांच्यामध्ये बसून वर्तमानपत्र वाचलं आणि जाताना घर बायकोच्या नावावर केलं. त्याचंही काही चुकलं नाही. बहिणीचा विचारच त्याच्या मनात आला नसावा. ती खिडकीसारखी घराबरोबर आलेली होती.

मग भाच्याचं लग्न ठरलं, आणि वहिनीच्या तोंडात दात उरले नव्हते.

हिरड्या सैल पडून एकेक दात गळत गेला होता. डॉक्टरकडे जायचं नाव काढलं की वहिनी पदर तोंडाशी धरायची. आयुष्यभर लोकांच्या रूपाला नावं ठेवलेल्या बाईला आपलं बोळकं कुणापुढे उघडायचं नव्हतं. शेवटी एका दुपारी ती मागच्या खोलीत आली, दार लावून घेतलं आणि स्टुलावर बसून म्हणाली, "घे माप. आणि बाहेर बोललीस तर याद राख."

आत्याने माप घेतलं. वहिनीने तिच्यापुढे तोंड उघडलं यात विश्वास नव्हता. मांजरापुढे कपडे बदलताना कुणाला लाज वाटते? तितकंच.

आता आत्याच्या कामाची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रीतीमुळेच झालं. कवळी एकदम पक्की करत नाहीत. आधी दात मेणात लावतात. तो मेणातला सेट घालून माणसाला आरशासमोर बसवतात, हसायला लावतात, बोलायला लावतात. याला ट्रायल म्हणतात. माणसाने "नको" म्हटलं की मेण वितळवायचं आणि दात पुन्हा लावायचे. "हो" म्हटल्याशिवाय काही कुकरात जात नाही. कुकरात गेलं की मात्र मागे फिरणं नाही. आत्या या नियमाला देवासारखी मानायची. घाईत असलेल्या डॉक्टरांशीही तिने त्यावरून वाद घातले होते. "ज्याचं तोंड त्याचा होकार," ती म्हणायची.

वहिनीने ट्रायलचा पुरेपूर उपयोग करून घेतला.

"हे पुढचे दोन फार मोठे. सशासारखे."

आत्याने मेण वितळवलं.

"आता बारीक झाले. उंदीर दिसतेय मी. तुला हेच हवं असेल म्हणा."

आत्याने पुन्हा मेण वितळवलं. वहिनीचा जुना फोटो समोर ठेवून तिने एक सुळा किंचित तिरका लावला, जसा तो तरुणपणी होता. वहिनीने आरशात बघितलं. हसली. आणि क्षणभर, फक्त क्षणभर, तिचे डोळे भरून आले.

"जरा बोला बघू वहिनी. काहीही बोला."

"काय बोलू तुझ्याशी?" वहिनी म्हणाली. पण शब्द स्वच्छ उमटले होते. "हो. कर हाच."

सेट कुकरात गेला. पक्का होऊन, घासून, चकचकीत होऊन वहिनीच्या तोंडात बसला. आत्याने नेहमीप्रमाणे बजावलं, "आठवडाभरात कुठेतरी टोचेल. सगळ्यांनाच टोचतं. टोचलं की मला सांगा, तेवढी जागा घासून देते. टोचल्याशिवाय कळत नाही कुठे घासायचं ते."

त्याच आठवड्यात भाचा खोलीत येऊन टेबलाच्या कोपऱ्यावर बसला. आता त्याच्या वजनाने टेबल करकरलं.

"आत्या, एक बोलायचं होतं."

"बोल की."

"ही खोली आम्हाला लागेल. म्हणजे, लग्नानंतर. तू बघतेसच, घरात जागा आहे कुठे?"

तिने कानस खाली ठेवली.

"तुझी सोय केल्याशिवाय मी बोलतोय का? बायकांसाठी एक निवास आहे, बसच्या शेवटच्या थांब्याजवळ. स्वच्छ आहे. तुला तिथे अगदी छान सेट करून देतो."

"माझं काम?"

"या वयात किती दिवस करणार काम? डोळे बघ तुझे." मग तिचा चेहरा बघून तो घाईने म्हणाला, "बरं, असं करू. महिनाभर ट्रायल. राहून बघ. नको वाटलं तर सरळ नको म्हण."

"आणि नको म्हटलं तर?"

"तर काय, मेण वितळवायचं, पुन्हा लावायचं!" तो हसला. "तूच शिकवलंस ना?"

हे वाक्य त्याने ठरवून वापरलं की सहज त्याच्या तोंडी आलं, हे तिला कधीच समजलं नाही. पण त्या एका वाक्यावर ती तयार झाली. घर, कागद, हक्क यातलं तिला काही उमगत नव्हतं. ट्रायल मात्र पुरती ठाऊक होती. ट्रायलमध्ये माणसाला नको म्हणता येतं. तिने जन्मभर लोकांचं नको ऐकून घेतलं होतं. आपलं कुणी ऐकणार नाही, असं तिच्या मनातही आलं नाही.

"टेबलाला हात लावू नका मात्र. दातांच्या पट्ट्या रंगाप्रमाणे लावल्यात."

"कुणी लावत नाही गं."

ती एक पिशवी घेऊन गेली. परत यायचंच होतं, मग जास्त कशाला न्यायचं?

निवासात एका खोलीत चार खाटा होत्या. शेजारच्या खाटेवरची म्हातारी पहिल्याच दिवशी म्हणाली, "तुम्हीही महिन्याभरासाठीच ना? मीही." आणि बराच वेळ हसत राहिली. आत्याला तिच्या हसण्यापेक्षा तिची कवळीच जास्त दिसली. खालचा सेट सैल होता, बोलताना उडत होता. मोटर असती तर दोन दिवसांत नीट करून दिला असता.

लग्नाला ती गेली. पिशवीतल्या लुगड्यांतलं त्यातल्या त्यात बरं लुगडं नेसून, हातात ताटली धरून पाहुण्यांत उभी राहिली. वहिनी सगळ्यांत उठून दिसत होती. हसत होती, तोंडाशी पदर न धरता. व्याह्यांकडच्या एका बाईने न राहवून म्हटलंच, "या वयात काय सुरेख दात हो तुमचे!"

"आमच्या घराण्यातच आहेत," वहिनी म्हणाली.

मग त्या बाईची नजर आत्याकडे गेली. वहिनी म्हणाली, "ह्या आमच्या वन्सं. आता तिकडे छान सेट झाल्यात."

आत्याला वाटलं, वहिनीची चूक होतेय. महिना अजून कुठे झालाय?

महिना झाला त्या दिवशी तिने पिशवी भरून खाटेवर ठेवली आणि भाच्याची वाट बघितली. तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच बसने निघाली. वाटेत तिने मनातल्या मनात वाक्य जुळवलं. जागा चांगली आहे, माणसं चांगली आहेत, पण नको. एवढंच. रागाने बोलायचं नाही. ट्रायलमध्ये रागावत नाहीत.

नव्या सुनेने दार उघडलं, गोड हसून "या ना" म्हणाली आणि आत वळून ओरडली, "आई, कुणीतरी आलंय!"

आत्या थेट मागे गेली. खोलीला फिकट जांभळा रंग दिला होता. खिडकीच्या जागी कपाट उभं होतं. खिडकी असणार त्याच्यामागे, पण आता कुणाला दिसणार नव्हती. टेबलाचे पाय कापून ते बुटकं केलं होतं आणि त्यावर नवा टीव्ही ठेवला होता. टेबल तेच आहे हे तिने कडेच्या जळक्या डागांवरून ओळखलं.

"माझी मोटर?"

"भंगारवाला आला होता," मागून वहिनी म्हणाली. "कुकरही दिला. आम्ही काय त्यात जेवण करणार होतो?"

"दात?"

"ते गल्लीतल्या पोरांनी नेले खेळायला. खूश झाली हो कार्टी."

आत्याने जुळवून आणलेलं वाक्य काढलं. "मला तिकडे नको आहे वहिनी. ट्रायल होती."

वहिनी हसली. सुळा किंचित तिरका होता, तरुणपणी होता तसाच. "अगं, ट्रायल कसली! माणसं काय मेणाची असतात?"

तेवढ्यात भाचा बाहेरून आला, आत्याला बघून थबकला आणि "अरे, आत्या! चहा घेतलास?" म्हणत चपला शोधायला लागला. त्या त्याच्या पायातच होत्या. मग त्याला आठवलं की कोपऱ्यावर काहीतरी काम आहे. तो गेला.

सून शेजारी गेल्याचं बघून वहिनीने आत्याचा दंड धरला, तिला स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि दार लावलं. तिने तोंडातून खालचा सेट काढला आणि पुढे केला. चेहरा एकदम कोसळला. "हे बघ जरा. फार टोचतंय गं. लग्नभर जीव नकोसा झाला होता. हिला माहीत नाहीये, हिच्यापुढे बोलू नकोस. पटकन कर काहीतरी."

आत्याने हात धुतले, तोंडात बोट घातलं. खालच्या हिरडीवर डाव्या बाजूला, जिभेकडच्या अंगाला पांढरा चट्टा पडला होता. बोट लागताच वहिनी कळवळली. सेटवर नेमकी तिथेच नखाच्या कडेइतकी धार होती. चिमूटभर घासायचं काम. मोटरच हवी असंही नाही. सुऱ्यांना धार लावायचा दगड समोर नळाशीच पडला होता. त्यावर दोनदा फिरवला असता, भागलं असतं.

आत्याने दगडाकडे बघितलं. मग तिने सेट नळाखाली धुतला आणि वहिनीच्या हातावर ठेवला.

"काही नाही. नवा आहे ना. होईल सेट."

"नक्की?"

"काढू मात्र नका. घालून ठेवला की सवय होते."

आयुष्यात कुणाच्या दातांबद्दल ती खोटं बोलली नव्हती. वहिनीला हे ठाऊक होतं, म्हणूनच तिचा विश्वास बसला. पिशवी घेऊन आत्या शेवटच्या थांब्याच्या बसमध्ये बसली आणि वाटेत तिला झोप लागली.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. आत्या निवासात राहिली. शेजारची म्हातारी गेली, तिच्या जागी दुसरी आली, तिलाही महिन्याभरासाठीच आणलं होतं. सकाळी उठल्यावर आत्याचा हात खिडकीकडे जायचा, तिथे काही नसायचं. तेव्हा ती तळहातच गालाला लावून बसायची. भाचा कधीमधी यायचा, केळी आणायचा, घड्याळ बघायचा. वहिनीचं त्याच्याकडूनच समजायचं. आई हल्ली मऊच खाते. आई हल्ली फारशी बोलत नाही. चारचौघांत जात नाही. चिडते. डॉक्टर म्हटलं की अंगावर येते. घरात सुनेशी पटत नाही, सून म्हणते सासूबाई तोंड वाकडं करूनच बसलेल्या असतात. आत्या ऐकून घ्यायची आणि केळं सोलायची.

शेवटच्या वेळी तो आला तेव्हा आत्याला उठून बसवत नव्हतं. खोकला छातीत बसला होता. भाच्याने इकडेतिकडे बघितलं, खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि तिच्या हातावर उलगडली. वहिनीचा खालचा सेट होता.

"चोरून आणलाय," तो हळूच म्हणाला. "ती काढतच नव्हती. तू सांगितलं होतंस म्हणे काढू नका म्हणून. आता हिरडी एवढी सुजलीय की घालताच येत नाही, तर चार दिवस नुसता कपाटात पडलाय. आत्या, बघतेस का? तुझ्याशिवाय कुणाला जमणार? आई रडते गं."

आत्याने चष्मा मागितला. सेट खिडकीच्या उजेडाला धरला. काम चांगलं झालं होतं, रंग तसाच होता, सुळाही. बोट कडेवरून फिरत फिरत डाव्या बाजूला आलं आणि नेमक्या जागी थांबलं. धार होती तशीच होती. उशाशी पाटीवरच्या पेन्सिलीएवढी तिची जुनी कानस होती, पहिल्या दिवशी पिशवीत चुकून आलेली. भाच्यालाही ती दिसली. त्याने उचलून तिच्या दुसऱ्या हातात दिली. लहानपणी द्यायचा तशीच, मुठीकडून.

ती बराच वेळ दोन्ही हातांत दोन वस्तू धरून पडून राहिली. मग तिने सेट गालाला लावला. गार लागला नाही.

तिने कानस उशाखाली सारली, सेट रुमालात गुंडाळला आणि त्याच्या हाती दिला.

"पाण्यात ठेवत जा म्हणावं," ती म्हणाली. "कोरडा राहिला की वाकडा होतो."